जमिनीच्या कागदांतून घराणं शोधताना : जुन्या अमेरिकन शेतकरी कुटुंबाची वंशावळ कशी लावायची

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत सून किंवा जावई तिकडच्या जुन्या शेतकरी घराण्यातला असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांना मराठी बाजूचे पूर्वज सांगायला घरात कोणी ना कोणी असतं. दुसऱ्या बाजूची माहिती मात्र 'पूर्वी ओहायोत शेती होती म्हणे' इथेच थांबते. त्या 'म्हणे'च्या मागे जायचं तर सुरुवात कुठून करायची, कोणते कागद शोधायचे आणि कुठे फसायला होतं, ते इथे सांगतो. त्यासाठी अमेरिकेतच असायला हवं असंही नाही. बरंचसं काम पुण्यात किंवा साताऱ्यात बसून, इंटरनेटवर, पैसे न मोजता होतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. जुन्या शेतकऱ्याचा जन्मदाखला शोधत बसू नका. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांतली, गावं सोडली, तर बहुतेक राज्यांत जन्ममृत्यूची सरकारी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या सुरुवातीला नीट लागली. त्याआधीचा माणूस सापडतो तो जमिनीच्या कागदांत. त्याने जमीन घेतली, विकली, तिचा कर भरला, तिच्यासाठी कोर्टात भांडला आणि तो गेल्यावर ती वाटली गेली. या प्रत्येक वेळी कोणीतरी त्याचं नाव लिहून ठेवलं. म्हणून जमीन धरून चालायचं. माणसं तिच्या मागोमाग येतात.

उदाहरणाला मी लिंकन घराणं घेतलं आहे. राष्ट्राध्यक्षाचं घराणं म्हणून नव्हे. अब्राहम लिंकनच्या आधीच्या पिढ्या मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी, इंडियाना आणि इलिनॉय अशा सरकत गेल्या, आणि शेतकरी कुटुंबाच्या शोधात येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण या एका घराण्यात भेटते. शिवाय इथले कागद अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा तपासलेले आहेत. शेंड्याकडून मुळाकडे ओळ अशी : राष्ट्राध्यक्ष अब्राहम, त्याचा बाप थॉमस, आजा कॅप्टन अब्राहम, पणजा जॉन, त्याचा बाप धाकटा मोर्डेकाय, त्याचा बाप थोरला मोर्डेकाय आणि त्याचा बाप सॅम्युएल.

ही ओळ खुद्द लिंकनला पूर्ण ठाऊक नव्हती. १८५९च्या डिसेंबरात त्याने जेसी फेल या स्नेह्यासाठी स्वतःची छोटीशी हकिगत लिहून दिली. आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा भाग) केंटकीत गेले आणि त्यांच्याही आधीचे लोक पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतून आले, इतकं त्यात आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन मंडळींशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण एनॉक, लेव्ही, मोर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे आढळतात यापलीकडे काही हाती लागलं नाही, असं तो सरळ सांगतो. नाती लावताना हीच शिस्त हवी. नावं जुळतात म्हणून त्याने नातं जोडलं नाही. ते नातं खरं होतं, पण ते पुढे कागदांवरून सिद्ध झालं.

घरापासून मागे

सुरुवात जिवंत माणसांपासून करा. सुनेच्या आजीशी बोला, तिच्या भावंडांशी बोला. घरातलं बायबल मागा, कारण त्यात मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न आणि मृत्यू लिहायची पद्धत होती. पान मिळालं की बायबल छापल्याचं सालही बघा. बायबल १८४०चं आणि पहिली नोंद १७९०ची असेल, तर ती कोणीतरी मागाहून आठवून लिहिलेली आहे. सगळ्या नोंदी एका शाईत, एका हातच्या दिसल्या, तरी तोच अर्थ.

एका वेळी एकच पिढी मागे जा. या माणसाचा बाप अमुक, हे कशावरून, हा प्रश्न दर पायरीवर विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. एखाद्या प्रसिद्ध माणसापासून आपल्या घराकडे उतरत येण्याचा मोह टाळा. त्या वाटेने गेलं की आडनाव जुळणारा जो पहिला भेटेल तो आपला वाटू लागतो.

खानेसुमारी : १८५०ची रेघ

अमेरिकेत १७९०पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. नावांसकटचे कागद ७२ वर्षं बंद ठेवतात. १९५०चे कागद २०२२मध्ये खुले झाले, तेव्हा सध्या तिथून मागे जायचं. १९००च्या खानेसुमारीत जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि हयात किती, हे सगळं आहे. १८८०मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईबापांचं जन्मराज्य पहिल्यांदा आलं. मधली १८९०ची जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, आणि वाचलेलं पुढे नष्ट करण्यात आलं. त्या वीस वर्षांच्या खिंडारासाठी राज्यांच्या स्वतःच्या खानेसुमाऱ्या बघा. आयोवा आणि कॅन्सस यांच्या १८८५ आणि १८९५च्या आहेत, न्यूयॉर्कची १८९२ची आहे.

मोठी रेघ १८५०ची. त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव, वय आणि जन्मराज्य मिळतं. पण नातं लिहिलेलं नाही. पंचेचाळीसचा पुरुष, तिशीतली बाई आणि विशीतला मुलगा दिसला, तर ती त्याची आई असण्याचा संभव कमीच. १८५० ते १८८० या चार खानेसुमाऱ्यांना शेतीचा वेगळा तक्ता जोडलेला आहे आणि नवखे लोक तो हमखास विसरतात. कसलेली जमीन किती, पड किती, शेताची किंमत काय, घोडे, गायी, मेंढ्या, डुकरं किती, मका आणि गहू किती बुशेल झाला, किती लोणी काढलं, अशी एका घराची वर्षभराची शेती एका ओळीत वाचायला मिळते. एकाच गावात दोन जॉन स्मिथ असले, तर या ओळीवरून ते वेगळे करता येतात.

१८४०पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि पुढे वयोगटाप्रमाणे आकडे. त्या आकड्यांना मुलं समजू नका. थॉमस लिंकनने डिसेंबर १८१९मध्ये सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशी दुसरं लग्न केलं. तिची तीन मुलं आणि त्याची दोन एका छपराखाली आली, आणि डेनिस हँक्स हा नातलग तरुणही त्यांच्याकडेच राहत होता. १८२०चे नुसते आकडे कोणी पाहिले, तर ही सगळी थॉमसचीच पोरं वाटतील.

आधी सीमा, मग कागद

कागद काउंटीच्या कचेरीत असतात, आणि काउंट्यांच्या सीमा सारख्या बदलत गेल्या. शेत जागचं हललं नाही, तरी शेतकरी तीन काउंट्यांत राहून गेल्यासारखा दिसतो. जॉन लिंकन १७६८च्या सुमाराला व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकच्या काठी आला तेव्हा तो भाग ऑगस्टा काउंटीत होता. १७७८मध्ये त्यातून रॉकिंगहॅम निघाली. केंटकी तर १७९२पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होतं. न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या सीमा तारखेनुसार दाखवणारे नकाशे इंटरनेटवर ठेवले आहेत. गाव आणि साल हाती आलं की पहिलं काम हे, की त्या दिवशी ते गाव कोणत्या काउंटीत होतं ते बघायचं.

कागद जळालेही आहेत. रॉकिंगहॅमचं पुष्कळ दप्तर १८६४मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, गाडीत भरून हलवताना जळालं. व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी सुरक्षित राहावं म्हणून दप्तर राजधानी रिचमंडला पाठवलं आणि एप्रिल १८६५मध्ये ते शहरासोबत जळालं. म्हणून शोध थांबत नाही. करवसुलीच्या याद्यांची प्रत राज्याच्या राजधानीत जायची. व्हर्जिनियात त्या १७८२पासून आहेत. या याद्या वर्षवार लावल्या की कोणता तरुण एकविसाव्या वर्षी यादीत आला, कोणाच्या जागी विधवेचं नाव आलं आणि कोणतं नाव एके वर्षी नाहीसं झालं, हे उलगडतं. खानेसुमारी दहा वर्षांनी येते, करवाला दर वर्षी येतो.

जमीन : चतुःसीमा आणि चौकोन

इथे घाई करू नका, कारण खरं काम इथेच आहे.

आपल्याकडे सातबारा आणि फेरफार एका ठिकाणी पाहून जमिनीचा इतिहास लागतो. अमेरिकेत असा एकच उतारा नाही. प्रत्येक व्यवहाराचं खत काउंटीच्या नोंदवहीत उतरवलेलं असतं आणि ते आपण एकामागून एक लावायचं. विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघायच्या. कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या तीन राज्यांत मात्र ही नोंद काउंटीकडे नसते, गावाकडे असते.

जमिनीचं वर्णन करायच्या दोन पद्धती आहेत. मूळच्या तेरा वसाहती आणि त्यांतून निघालेल्या केंटकी, टेनेसी यांसारख्या राज्यांत चतुःसीमा सांगतात : अमक्या झाडापासून पूर्वेला इतकं, तिथून उत्तरेला इतकं. कॅप्टन अब्राहमच्या नावाची केंटकीतल्या जेफर्सन काउंटीतली ७ मे १७८५ची मोजणी घ्या. ४०० एकर. सुरुवात ओढ्याकाठच्या, खूण कोरलेल्या शुगर मेपलपासून. तिथून पूर्वेला ३०० पोल, तुलिप पॉपलर आणि मेपलपर्यंत. मग उत्तरेला २१३ आणि एक तृतीयांश पोल, बीच आणि डॉगवुडपर्यंत. मग पश्चिमेला पुन्हा ३०० पोल, पांढऱ्या ओकपर्यंत आणि हिकरीपर्यंत. आणि दक्षिणेला २१३ आणि एक तृतीयांश पोल, आरंभाच्या झाडाशी परत.

आता हिशेब करा. पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची ६६ फुटी साखळी. १६० चौरस पोलांचा एक एकर. ३०० गुणिले २१३ आणि एक तृतीयांश म्हणजे ६४,०००. भागिले १६०, बरोबर ४००. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन पोल बाय दोन पोल. त्यामुळे मराठी शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे माप परकं वाटायचं कारण नाही. वर्णन आलेख कागदावर काढून बघा. रेघ आरंभाला येऊन मिळाली नाही, तर नक्कल करताना एखादी ओळ गळली आहे. शेजारच्या शेतांचीही अशी चित्रं काढून एकमेकांना लावली की अख्खं गाव उभं राहतं आणि कोण कोणाचा शेजारी होता ते दिसतं.

त्याच कागदात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, नाव 'लिंकहॉर्न' असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्याने कानावर पडलं तसं लिहिलं. 'आमच्या घराण्यात स्पेलिंग असंच असतं' हा हट्ट सोडल्याशिवाय अठराव्या शतकात शिरता येत नाही. आडनाव मोठ्याने उच्चारून बघा, ते किती तऱ्हांनी लिहिता येईल त्याची यादी करा आणि प्रत्येक तऱ्हेने शोधा. दुसरी गोष्ट, साखळी धरणाऱ्यांची नावं ॲननाया लिंकन आणि जोसाया लिंकन अशी आहेत. साखळीवाले बहुधा घरचे किंवा भावकीतले असत, कारण ते विश्वासाचं काम होतं. जोसाया हा कॅप्टनचाच मुलगा. बाकी कुठेही नोंद नसलेला पोरगा मोजणीच्या कागदाच्या तळाशी असा सापडतो.

विक्रीच्या खतात बायकोचं नाव जरूर शोधा. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा विधवा म्हणून एक तृतीयांश हक्क असायचा. जमीन विकताना तिची संमती घेत, आणि तीही नवऱ्याला बाजूला ठेवून, तिला एकटीला विचारून. कॅप्टन अब्राहमने १७८०मध्ये लिनव्हिल क्रीकची जमीन विकली, त्या व्यवहारात बायकोचं बर्शिबा हे नाव येतं. किती तरी घराण्यांत आजी-पणजीचं नाव फक्त अशा संमतीच्या चार ओळींतच उरलं आहे.

केंटकीत एकाच जमिनीवर दोघातिघांचे दावे असत. थॉमस लिंकनला तिथे एकामागून एक शेतांच्या मालकीचा त्रास झाला. बाप केंटकी सोडून गेला तो काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या कज्ज्यांमुळे, असं मुलाने पुढे लिहिलं. वंशावळ शोधणाऱ्याला मात्र हे कज्जे फार उपयोगी पडतात. अमुक झाड केव्हा तोडलं, अमक्याचा बाप इथे केव्हा आला, अशा म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या जबान्या त्यांत पानंच्या पानं असतात.

ओहायो नदीच्या उत्तरेला आणि पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत दुसरी पद्धत. १७८५च्या जमीन वटहुकमाने देशाचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन, म्हणजे टाउनशिप, पाडले. प्रत्येकात ३६ विभाग, एक विभाग ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर. थॉमसने ऑक्टोबर १८१७मध्ये इंडियानात व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत नोंदवलेली जमीन अशी : विभाग ३२चा नैर्ऋत्य चतकोर, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम (चौकोनांच्या आडव्या आणि उभ्या रांगेचे क्रमांक). एवढ्यावरून ती आजच्या नकाशावर नेमकी दाखवता येते. भाव एकरी दोन डॉलर, हप्त्याने. सगळे हप्ते फेडणं जमलं नाही, तेव्हा त्याने अर्धी जमीन सरकारला परत केली आणि १८२७मध्ये उरलेल्या ८० एकरांची सनद घेतली.

या सनदा केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात, प्रतिमाही फुकट उतरवता येते. पण सनदेत माहिती थोडी. तिच्यावरचा क्रमांक घेऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मूळ प्रकरण मागवा. १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घेतलेल्याचं प्रकरण असेल तर त्यात खूप काही सापडेल. पाच वर्षं राहून कसल्याचा पुरावा द्यावा लागे, त्यामुळे घर केवढं, विहीर खणली का, किती एकर फोडले, घरात माणसं किती, साक्षीला कोण, हे सगळं येतं. परदेशातून आलेला असेल, तर नागरिकत्वाचे कागदही त्यातच.

मृत्युपत्र, आणि मृत्युपत्र नसणं

धाकट्या मोर्डेकायचं मृत्युपत्र २२ फेब्रुवारी १७३५/३६चं आहे. अशी जोडसालं पाहून गोंधळू नका. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन्ही सालं लिहीत. त्याच वर्षी कॅलेंडर बदललं आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. तारीख जशी असेल तशी उतरवून घ्या, सुधारू नका.

या मृत्युपत्रात मोर्डेकायने न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन जॉनला दिली. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माणसाची न्यू जर्सीत जमीन! इथेच लिंकनला न सुटलेली गाठ सुटते. जॉनने पुढे ती जमीन विकली तेव्हा खतात बापाचं नाव आणि ती जमीन बापाकडे कशी आली हे आलं. दुसऱ्या बाजूला मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएटच्या थोरल्या मोर्डेकायच्या मृत्युपत्रात मोर्डेकाय आणि अब्राहम या मुलांची नावं आहेत. अशा वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या कागदांनी पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स जोडलं गेलं. तुमचा माणूस जिथून आला असेल तिथल्या नोंदवह्या तो निघून गेल्यानंतरच्या वर्षांसाठीही चाळा; मागे राहिलेली जमीन विकायला तो कधीतरी आलेला असतो.

मृत्युपत्रच नसेल तेव्हा कायदा माहीत हवा. मे १७८६मध्ये कॅप्टन अब्राहम केंटकीत शेतात काम करताना मूलनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. लिंकनच्या हकिगतीत हे साल दोनेक वर्षं अलीकडे-पलीकडे झालेलं आहे, घरच्या आठवणीत होतं तसंच. मृत्युपत्र नव्हतं, आणि व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या कायद्याने मृत्युपत्राविना गेलेल्याची जमीन थोरल्या मुलाला जायची. ती कॅप्टनच्या थोरल्या मुलाला गेली; त्याचंही नाव मोर्डेकायच. धाकट्या थॉमसच्या वाट्याला जमीन आली नाही. तो कायदा बदलून नवा १ जानेवारी १७८७ला लागू झाला. काही महिन्यांचाच फरक. म्हणून जमीन एकट्या थोरल्याला गेलेली दिसली, तर 'बाकी मुलं नव्हती' असा निष्कर्ष काढू नका. मालमत्तेची यादी, लिलावात वस्तू कोणी घेतल्या, अज्ञान मुलांचे पालक कोण नेमले, हे कागद काढा. त्या काळी 'इन्फन्ट' म्हणजे एकवीस वर्षांखालचा कोणीही.

नात्याचे शब्दही जपून वाचा. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेक असतीलच असं नाही. एका गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. 'सन-इन-लॉ' हा सावत्र मुलगा असू शकतो, आणि 'कझिन' पुतण्या किंवा भाचा.

दक्षिणेतल्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुरंढोरं आणि भांड्यांच्या सोबत गुलाम केलेल्या माणसांची नावं येतात, पुष्कळदा नुसतं पहिलं नाव आणि किंमत. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव आहे, या माणसांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८७०च्या आधी नावासकट त्यांचा शोध घ्यायचा तर मालकाचे असे कागद हाच पुष्कळदा एकमेव रस्ता असतो. तुमच्या घराण्याच्या कागदांत अशी नावं आली, तर ती वगळून पुढे जाऊ नका. संपूर्ण उतरवा, कचेरी आणि पानासह, आणि इतरांना दिसतील अशी ठेवा. त्यांचे वंशज ती शोधत आहेत.

लग्न, आणि बायकांची बाजू

थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचं लग्न १२ जून १८०६ला झालं. ते हार्डिन काउंटीत राहत, म्हणून लोकांनी तिथलं दप्तर शोधलं. नोंद मिळेना, आणि लग्न झालंच नव्हतं अशी कुजबुज लिंकनच्या हयातीत आणि नंतरही चालू राहिली. कागद सापडले ते १८७८च्या सुमाराला, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत : दोन दिवस आधीचा, लग्नाला कायद्याची आडकाठी नाही याच्या हमीचा रोखा आणि धर्मोपदेशक जेसी हेडने कचेरीला दिलेली लग्नाची यादी. लग्न बहुधा मुलीच्या बाजूच्या काउंटीत नोंदलं जातं, आणि दक्षिणेत रोख्यावर जामीन म्हणून मुलीचा बाप, भाऊ किंवा पालक असतो. जामिनाचं नाव पाहिल्याशिवाय तो कागद बाजूला ठेवू नका.

नॅन्सीच्या आईबद्दलचा वाद मात्र कागदांवर मिटेना. २०१५मध्ये आईकडून मुलीकडे जाणाऱ्या डीएनएचा अभ्यास झाला, आणि तिची आई ल्यूसी हँक्स या मताला बळ मिळालं. डीएनए चाचणी करायची तर प्रश्न आधी ठरवा. निव्वळ बापाच्या ओळीसाठी वाय-डीएनए, निव्वळ आईच्या ओळीसाठी मायटोकॉन्ड्रियल, आणि पाच-सहा पिढ्यांतल्या सगळ्या बाजूंसाठी साधी ऑटोसोमल चाचणी. शेवटची असेल तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची करा, अर्थात त्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने.

शेजाऱ्यांच्या मागे जा

ही मंडळी एकटी स्थलांतर करत नसत. भावकी, सासुरवाडी, चर्चमधले लोक असा जथा फिलाडेल्फियाहून शेनँडोआ खोऱ्यातून दक्षिणेला उतरणाऱ्या ग्रेट वॅगन रोडने, किंवा १७७५मध्ये डॅनियल बूनने खुणा करून दिलेल्या वाटेने कंबरलँड खिंडीतून निघायचा. धाकट्या मोर्डेकायच्या मृत्युपत्रात मदतीला नेमलेल्यांत जॉर्ज बून आहे, बर्क्स काउंटीतला शेजारी, डॅनियल बूनच्याच घराण्यातला. मोर्डेकायचा सर्वांत धाकटा मुलगा पुढे बूनांचाच जावई झाला. तुमच्या माणसाचा माग तुटला, तर त्याच्या खतांवरचे साक्षीदार आणि शेजारी यांचा माग काढा. ते ज्या काउंटीत गेले, तिथे तो बहुधा असतोच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे असतील तर फारच बरं. एका सभेतून, म्हणजे त्यांच्या एका गावच्या मंडळीतून, दुसरीकडे जाताना ते दाखला घेऊन जात आणि त्याची नोंद दोन्हीकडे असे.

स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पूर्वज असेल, तर त्याचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण काढा. १८३२च्या कायद्याने कागद नसलेल्या म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात उभं राहून आपली हकिगत सांगितली : जन्म कुठे, भरती कुठून, युद्धानंतर कुठे कुठे राहिलो. १८३६पासून विधवांना लग्नाचा पुरावा द्यावा लागे, आणि तो नसला की बायकांनी घरच्या बायबलची पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती पानं आजही त्या प्रकरणांत आहेत.

कुठे शोधायचं, कसं टिपायचं

पहिलं खातं फॅमिलीसर्चवर उघडा. लॅटर-डे सेंट्स चर्चचं हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि काउंट्यांच्या खतांची आणि मृत्युपत्रांची कोट्यवधी पानं तिथे आहेत. आता त्यात हस्तलिखित मजकुरातही शब्द शोधता येतो. सूचीत कधीच न आलेले साक्षीदार आणि शेजारी त्यामुळे सापडू लागले आहेत. यंत्राचं वाचन चुकतं, म्हणून मूळ पान उघडून स्वतः वाचा. न्यू इंग्लंडसाठी १८४५मध्ये स्थापन झालेल्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीचा संग्रह चांगला आहे.

लोकांनी इंटरनेटवर लावलेली झाडं सुगावा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. दहा झाडांवर एकच तारीख असली, तरी नऊंनी एकाची उचललेली असू शकते. टिपताना कचेरी, वही, पान, पाहिल्याची तारीख लिहा. काही मिळालं नाही तेही लिहा, नाहीतर तीच वही पुन्हा चाळाल. दोन कागद एकमेकांच्या विरोधात गेले तर दोन्ही ठेवा. लिंकनांचा मूळपुरुष सॅम्युएल इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या हिंगहॅमचा. तिथल्या चर्चच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२चा आहे, म्हणजे १६३७च्या एप्रिलात तो चौदा-पंधरा वर्षांचा. पण त्या एप्रिलात जहाजावर चढणाऱ्यांच्या यादीत फ्रान्सिस लॉझ या विणकराचा नोकर म्हणून 'सॅम्युएल लिंकॉर्न' आहे, वय अठरा. बाप्तिस्म्याची नोंद गावच्या चर्चची आणि त्याच वेळची. यादीतलं वय प्रवाशाने स्वतः सांगितलेलं, किंवा मालकाने सांगितलेलं. वहीत दोन्ही आकडे लिहा आणि प्रत्येकाखाली तो कोणी, केव्हा, कशासाठी सांगितला ते लिहा.